प्रवासाचा पिंजरा

आमच्या घरी पोपट आहे, हे सांगताना मला अजूनही थोडा संकोच वाटतो. भुसार मालाचे घराणे, आडते बाजारात तीन पिढ्यांची पेढी, घरात रोजचे सामायिक आणि प्रतिक्रमण. आणि त्याच घराच्या दिवाणखान्यात पिंजरा! येणारे पाहुणे राजाचे निळे-पिवळे रंग पाहून हरखतात, त्याच्याशी दोन शब्द बोलतात, आणि मग त्यांतले एखादे वडीलधारे हळूच विचारतात, "पण आपल्यात हे चालते का?" या प्रश्नाला मी वर्षानुवर्षे हसून बगल देत आलो. गेल्या एप्रिलमध्ये नगर-पुणे रस्त्यावर जे घडले, त्यानंतर मात्र बगल देण्याची सोय उरली नाही.

राजा हा मकाव जातीचा पोपट. मूळ दक्षिण अमेरिकेतला. आपला हिरवा पोपट त्याच्यापुढे चिमणीसारखा दिसतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो सुमारे 85 सेंटिमीटर भरतो, आणि त्यातली निम्मी लांबी शेपटीचीच. वजन किलोच्या आसपास. टाळेबंदीत मुले घरात कोंडली गेली तेव्हा माझ्या धाकट्या चिरंजीवांनी नातवाची करमणूक म्हणून तो आणला. आणण्यापूर्वी कोणाला विचारले नाही. बाईंनी, म्हणजे माझ्या मातुःश्रींनी, त्या दिवशी एवढेच म्हटले, "बेटा, हा चाळीस-पन्नास वर्षे जगणारा जीव आहे म्हणतात. मी नसेन, कदाचित तुझे वडीलही नसतील. तुझ्या म्हातारपणी याला कोण सांभाळेल, ते आजच ठरवून ठेव."

"सोडून द्या की त्याला," असा सल्ला देणारेही भेटले. तो सल्ला दयेचा वाटतो, पण दयेचा नाही. माणसाच्या हातून घास खाऊन वाढलेला परदेशी पक्षी आपल्या रानात सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे किंवा घारी-कुत्र्यांच्या हवाली करणे होय. बंधनात आणण्याचा दोष एकदा घडला की त्याची जबाबदारी दार उघडून झटकता येत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये राजाचे खाणे मंदावले. नाकपुड्यांभोवती चिकटपणा दिसू लागला, आवाज बसला. नगरमधील पशुवैद्यांनी तपासून प्रांजळपणे सांगितले की, गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरी हा आपला रोजचा अभ्यास. अशा मोठ्या पोपटासाठी पुण्यात केवळ पक्षीच तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. पुढे निदान झाले ते ऐकून मला, धान्याच्या व्यापाऱ्याला, खाली पाहावे लागले. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे खाऊन त्याच्या शरीरात अ जीवनसत्त्व उरले नव्हते आणि चरबी मात्र साठली होती. पेढीवरच्या उत्तमोत्तम मालाची ओंजळ मीच रोज त्याच्यापुढे ओतत होतो.

पण हे निदान होण्याआधी पुण्याला पोहोचायचे होते. अंतर एकशेवीस किलोमीटर. राजाचा मोठा पिंजरा मोटारीत मावणारा नव्हता. चिरंजीवांनी घरबसल्या एक कापडी पिशवी मागवली. तिला पारदर्शक खिडकी होती, बाजूला जाळी होती आणि वर चेन होती. ती मांजरांसाठी केलेली होती हे नंतर वाचले. दिसायला देखणी, वजनाला हलकी, किमतीलाही माफक. व्यापारी माणसाला जे तीन गुण आधी दिसतात ते तिन्ही तिच्यात होते.

सकाळी नऊला निघालो. येथे पहिली चूक. एप्रिलमध्ये आपल्याकडे नऊ वाजता ऊन चटका देऊ लागते. केडगाव गेले, चास गेले, आणि कामरगावच्या घाटात मागच्या आसनावरून नातवाची किंकाळी आली. अक्रोड फोडणाऱ्या चोचीने चेनचे दात एकेक करून उचकटले होते. पुढच्या क्षणी एक हात लांबीचा पंख चालकाच्या डोळ्यांवरून फिरला. मुलाने कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून येणारा मालट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. "दार उघडू नका!" एवढे मी ओरडलो, तेवढेच एक शहाणपणाचे काम माझ्या हातून झाले. राजा घाबरून ब्रेकच्या पायपट्टीमागे शिरला होता. गाडी बंद केल्याने आतला गारवा गेला. पाच-सात मिनिटांत गाडी भट्टीसारखी तापली. राजाने चोच उघडली, पंख अंगापासून दूर धरले आणि तो धापा टाकू लागला. पक्ष्याला घाम येत नाही. त्याचे शरीर निवते ते या धापांनीच, आणि भोवतीची हवाच तापली की तीही वाट बंद होते.

मी उपरण्यात त्याला पकडले आणि पुन्हा निसटू नये म्हणून छातीशी घट्ट आवळले. थोड्याच वेळात त्याची मान कलली. नातू ओरडला, "आजोबा, तो श्वास घेत नाही!" मी हात सैल केले. काही क्षण गेले. ते क्षण मी विसरू शकणार नाही. मग त्याच्या छातीची हालचाल दिसू लागली. डॉक्टरांनी नंतर समजावले की, पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलतो तेव्हाच हवा आत-बाहेर होते. नाक-तोंड मोकळे असले तरी छाती आवळली की पक्षी गुदमरतो. धरायचेच झाले तर जबड्याच्या कडेने मान आणि खाली पाय सांभाळावेत. छातीवर भार नको. आपला पक्षी वाचवण्यासाठी मी त्याला जवळजवळ मारले होते.

डॉक्टरांनी औषध दिले, आहार बदलायला सांगितला आणि दर महिन्याला दाखवायला आणा असे बजावले. त्या पिशवीकडे पाहून म्हणाले, "आजारातून हा बरा होईल. पण पुढच्या वेळी यातून आणू नका."

त्या रात्री बाईंनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा निरोध. रोज त्यांची आलोचना आपण करतो, पण गुरे गेली, बैलगाड्या गेल्या, त्यामुळे आता हे आपल्याला लागू नाही असे मनात कुठेतरी धरून चालतो. बाई म्हणाल्या, "बंधाचेही दोन प्रकार महाराजसाहेबांच्या प्रवचनात ऐकले होते. एक निरपेक्ष, आणि दुसरा सापेक्ष. जनावर बांधावेच लागले तर दोर असा बांधावा की त्याला हलता-वळता येईल, आणि आग लागली तर गाठ पटकन सोडता किंवा तोडता येईल. बांधलेल्याचा विचार करून बांधलेले ते सापेक्ष. तुमची पिशवी यातली कोणती?"

श्रावकाचारावरील जुन्या टीकांत हा विचार खरोखरच आहे. त्यात गोठ्यातल्या गुरांचा विचार आहे. पण मोटारीतल्या पोपटाला तो इतका तंतोतंत लागू पडेल असे मला वाटले नव्हते. त्यानंतर प्रवासाची पेटी निवडताना मी दुसरी कसोटी लावली नाही.

बाजार पाहिला. पहिली पसंती साहजिकच तारेच्या पिंजऱ्याला होती, कारण तो कोठेही मिळतो. पण स्वस्त तारेवर जस्ताचा मुलामा असतो. मोठा पोपट दिवसभर तार चावतो, मुलामा पोटात जातो आणि जस्ताची विषबाधा होते. पितळेतही जस्त असते. जोडकामात शिसे असले तर आणखी वाईट. रंग दिलेल्या तारेचा रंग तो आठवड्यात खरवडतो. शिवाय बारीक तार मकावच्या चोचीला वाकते. गजांमधले अंतर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असावे. त्याहून फार जास्त झाले तर डोके अडकते.

चिरंजीवांचा जीव अॅक्रिलिकच्या पारदर्शक पेटीवर होता. पक्षी छान दिसतो, घाण बाहेर पडत नाही, पुसायला सोपी. ज्यांना घरातून लिफ्टने खाली, वातानुकूलित गाडीत आणि तेथून दवाखान्यात एवढाच प्रवास आहे, त्यांना ती चालेल. आपल्याकडच्या उन्हात ती पेटी म्हणजे काचेची खोली होते. गाडीच्या खिडकीतून आलेली तिरीप थेट पाठीवर, आणि सरकून बसायला सावली नाही. चारी बाजूंनी उघडे दिसत असल्याने पक्षी बावरतो तो वेगळाच. मी नाही म्हटले. आठवडाभर घरात थोडा अबोला होता.

संपूर्ण स्टेनलेस स्टीलचा पिंजरा उत्तमच. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारागिराकडून करून घेण्याचाही विचार केला. पण तो उचलायला दोन माणसे लागली असती, आणि अपघातात असे वजन आसनावरून सुटले तर काय, हा विचार मन खाऊ लागला.

शेवटी घेतली ती मोठ्या कुत्र्यांच्या प्रवासासाठी मिळणारी कडक प्लॅस्टिकची पेटी, पुढे स्टीलच्या गजांचे दार असलेली. तिन्ही बाजू बंद, म्हणून आत गुहेसारखा आडोसा. हवेच्या खिडक्यांच्या कडा तो कुरतडेल म्हणून त्यांना आतून स्टेनलेस स्टीलची जाड जाळी बसवून घेतली आणि तारांची टोके बाहेर वळवली. पेटीची लांबी राजाच्या अंगाने मोजली: दांड्यावर बसल्यावर शेपूट मागे मोकळे राहावे, वळता यावे, पण पूर्ण पंख पसरता येतील एवढी मोठी पेटी मोटारीत नको, कारण करकचून ब्रेक लागला की पक्षी तेवढ्या लांबून आदळतो. दांडा पेरूच्या लाकडाचा, सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा, सालीसकट, म्हणजे पकड बसते. तो जमिनीपासून थोडाच वर, आणि बाहेरून बोल्टने पक्का. नुसता खाचेत अडकवलेला दांडा पहिल्या खड्ड्यातच निसटतो, आणि शिरूरपर्यंत खड्डे किती, हे वाचकांना सांगायला नको. खाली जुना पंचा घातला, सुते निघत नाहीत ना हे पाहून, कारण सुतात नख अडकते. खेळणी, घुंगरू, साखळी, लोंबते भांडे असे काहीही आत ठेवले नाही.

या पेटीचा सर्वांत मोठा गुण घेताना माझ्या लक्षात आला नव्हता. तिचा वरचा निम्मा भाग खटके काढून सुटा होतो. दवाखान्यात घाबरलेल्या पक्ष्याला दारातून ओढून काढावे लागत नाही. टोपण उचलायचे, डॉक्टर पंचा घालून अलगद धरतात.

राहिले दार. मकावला कड्या उघडण्याचा छंद असतो. साधी सरकती कडी राजाने पहिल्याच संध्याकाळी पाहता पाहता उघडली. घाटातली आठवण ताजी असल्याने चिरंजीवांनी आकड्यांचे कुलूप आणून लावले. आता काही भीती नाही, असे मलाही वाटले. बाई काठी टेकत आल्या, कुलूप हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "आकडा कोणाला माहीत आहे?"

"मला, दादी."

"आणि तूच गाडीत बेशुद्ध पडला असलास तर? धूर झाला, तर हे काका-काकू, रस्त्यावरचा अनोळखी माणूस, यांनी काय करायचे?"

कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप निघाले. त्या जागी गिर्यारोहक वापरतात तसा मळसूत्राचा लहान स्टीलचा आकडा आला. तो बाहेरच्या बाजूला बसतो, राजाची चोच तेथे पोहोचत नाही; माणसाच्या हाताला मात्र चार फेऱ्यांत सुटतो, किल्ली लागत नाही. पेटीवर चिरंजीवांनी ठळक अक्षरांत लिहिले: जिवंत पक्षी, उन्हात ठेवू नये. खाली दोन फोन नंबर, आणि आकडा कोणत्या दिशेने फिरतो त्याचा बाण.

पेटी आली म्हणून पक्षी तिच्यात जातो असे नाही. तीन आठवडे ती दिवाणखान्यात, दार काढून, नुसती ठेवली. राजा तिच्याकडे शत्रू पाहावा तसा पाहत असे. मग पेरूची फोड दारात, मग उंबऱ्याच्या आत, मग थेट दांड्याजवळ. येथे बाईंच्या सामायिकाचा अनपेक्षित उपयोग झाला. त्या सकाळी आसनावर बसल्या की अठ्ठेचाळीस मिनिटे निश्चल असतात. कोणी हाका मारत नाही, कोणी पकडायला येत नाही, अशी ती घरातली एकच वेळ. एके दिवशी सामायिक चालू असताना राजा आपण होऊन आत गेला, दांड्यावर बसला आणि पिसे साफ करू लागला. पुढे आम्ही दारही लावू लागलो. आधी अर्धे सामायिक, मग पूर्ण. मग पेटी गाडीत ठेवून भिंगारपर्यंत एक चक्कर, मग केडगाव. (सूर्यास्तानंतर राजा अन्नाला चोच लावत नाही, हे बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. त्या बाबतीत घरातल्या तरुणांपेक्षा तोच पक्का श्रावक आहे, असा टोला त्यात असतो.)

दुसऱ्या वेळी पहाटे साडेचारला निघालो. पेटी मागच्या आसनावर आडवी, सीटबेल्ट तिच्या भोवतीने घेऊन आवळलेला. पुढे ठेवली नाही, कारण एअरबॅग उघडली तर तिच्या धक्क्याने पक्षी वाचणार नाही. डिकीत तर नाहीच. गाडीतले सुगंधी द्रव्य आदल्या दिवशीच काढून टाकले होते. पक्ष्याची फुप्फुसे फार नाजूक असतात. सुगंध, अगरबत्तीचा धूर, तापलेल्या नॉनस्टिक भांड्याची वाफ हे सारे त्याला घातक. पेटीवर पातळ सुती पातळ टाकले होते, पण पुढची बाजू उघडी. पाण्याचे भांडे धावत्या गाडीत सांडते आणि पक्षी भिजतो. पण पाणीच दिले नाही तर तो अतिचारातला पाचवा. म्हणून काकडीच्या आणि संत्र्याच्या फोडी ठेवल्या, आणि सुपे व रांजणगाव येथे गाडी थांबवून वाटीने पाणी पाजले. थांबलो तेव्हा एकजण सतत गाडीत, यंत्र आणि गारवा चालू. दार-खिडक्या बंद असल्याखेरीज पेटीला हात लावायचा नाही, हा नियम नातवाने केला आणि तोच पहाऱ्यावर होता. कामरगावच्या घाटात आम्ही सगळे गप्प झालो. राजा एका पायावर उभा राहून पिसे फुगवून पेंगत होता.

कागदपत्रांविषयी दोन शब्द, कारण आपल्यातल्या कित्येकांना याची कल्पना नसते. आपला देशी हिरवा पोपट, कंठवाला असो वा मोठा पहाडी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. जुन्या वाड्यांच्या ओसरीवर टांगलेले पिंजरे आपण लहानपणी पाहिले, तो काळ संपला. मकाव, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा यांसारखे परदेशी पक्षी ठेवणाऱ्यांना केंद्र सरकारच्या 2024 च्या नियमांनुसार परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. 28 फेब्रुवारी 2024 ला निघालेल्या त्या नियमांत आधीपासून पक्षी असणाऱ्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. आम्ही ती वेळेत केली. तिची प्रत आणि पायातल्या कड्याचा क्रमांक पेटीच्या खिशात असतो.

राजा आता बरा आहे. सूर्यफुलाच्या बिया दिवसाकाठी चार-सहाच. गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पाने, मोड आलेले मूग हा आहार. गाजर-कांद्यावरून आमच्याकडे कंदमुळांचा प्रश्न उठलाच. कांदा त्याला विषारी, तो सुटला, गाजराऐवजी बाईंनी भोपळ्यावर भर दिला आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

गेल्या महिन्यात पेढीवर एक गिऱ्हाईक आले होते, आपल्याच समाजातले, नातीच्या वाढदिवसाला मकाव घ्यायचा म्हणत होते. पिंजरा कोणता घ्यावा ते विचारत होते. मी त्यांना घरी नेले, पेटी दाखवली, टोपण काढून दाखवले, कामरगावचे सांगितले, आणि विचारले की त्यांच्या नातीचे वय काय. सात, म्हणाले. मग मी त्यांना बाईंचा पहिल्या दिवसाचा प्रश्न विचारला. चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. पक्षी घेतला की नाही, ते अजून कळलेले नाही.

पेटी दिवाणखान्यातच असते, दार उघडे. राजा दुपारी आपण होऊन तिच्यात झोपतो. बाई संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसण्यापूर्वी तिच्याजवळ थांबतात, थरथरत्या बोटांनी मळसूत्राचा आकडा फिरवून पाहतात. त्यांच्या हाताला तो सुटतो आहे तोवर ठीक, असे त्यांचे म्हणणे. मागच्या आठवड्यात तो जरा घट्ट लागला, तेव्हा चिरंजीवांनी त्याला खोबरेल तेल लावून दिले.